शेऱ्याची जागा

विषय मीच दिला होता : सन दोन हजार दोनशेमधला देव.
शब्दमर्यादा तीनशे. विज्ञान असावं.
कुणाचं मन दुखवू नये,
ही शेवटची अट हेडमास्तरांची, लाल शाईत.

एक्केचाळीस कागद आले.
जगतुंग तलावाकडच्या खिडकीत बसले,
लाइट गेलेली,
गठ्ठ्यावर वजन म्हणून प्रयोगशाळेतलं भिंग.

सव्वीस जणांनी देव पहिल्याच ओळीत संपवलाय.
मंदिराचं म्युझियम, पुजाऱ्याचं यंत्र,
घंटा वाजवायला तिकीट.
पोरांना हे फार सोपं वाटतं.
त्यांच्या वयात मीही असंच लिहिलं असतं
आणि घरी जाऊन मंगळवार धरला असता.

नऊ जणांनी कॉम्प्युटरलाच देव केलंय.
तो सगळं जाणतो, सगळ्यांचे मार्क जाणतो,
कोपला की नेट बंद करतो.
त्यातल्या एकीचा कॉम्प्युटर मात्र माणसांनाच नवस बोलतो :
मला बंद करू नका, एक्कावन्न नारळ फोडीन.
इथं हसले. चहा सांडला. सहा गुण.

तिघांनी एकच गोष्ट लिहिली, स्वल्पविरामासकट.
दोन, दोन, दोन.

वैजनाथची आत्या मंगळावर संकष्टी धरते.
तिथं चंद्र दोन, त्यातला एक पश्चिमेला उगवतो
आणि दिवसातून दोनदा.
उपास सोडायचा कुणाला बघून?
आत्या म्हणते, आधी दिसंल त्यो. भूक काय पंचांग बघती का?

मग निकहत. आठवी ब.
बाप दर्ग्याच्या वाटेवर अत्तर विकतो.
तिचीही माणसं मंगळावरच,
आणि नमाजाला तोंड कुठं करावं कळत नाही.
होकायंत्र तिथं कामाचं नाही, हे तिनं बरोबर लिहिलंय,
मी ताडून पाहिलं.
तिचा म्हातारा काचेपाशी जातो
आणि बारीक निळा ठिपका दिसेल तिकडं वळतो.
मक्का त्यात. कंधार त्यात.
अब्बूंची पेटीपण त्यातच, असं समासात, वेगळ्या पेनानं.
मी उठून व्हरांड्यात एक चक्कर मारली. आठ.

शेवटचा कागद नरसिंग मसाजी गोटमुकलेचा.
शब्द एकशेचाळीस, अक्षर उताराला लागलेलं.
त्याच्या बापाला मी ओळखते, म्हणजे बघितलंय.
मंगळवारी भाजीबाजारात येतो,
कंबरेला चिंध्यांचा झगा, पायांत घुंगरं,
मागं बायकोच्या डोक्यावर मरीआई.
आसूड फुटला की पत्र्यावरची कबुतरं उडतात
आणि मी पिशवीत मेथीची जुडी बघत राहते.

नरसिंगच्या गोष्टीत आसूड यंत्राच्या हातात आहे.
सपासप, पत्र्याच्या पाठीवर.
बाप लिंबाखाली झोपलाय, अंगावर सदरा.
"सन २२०० मदी मपल्या बापाची पाठ कोरी हाय."

आधी लोक पैसे टाकतात.
मग त्यांच्या ध्यानात येतं, याला दुखत नाही.
मग टाकत नाहीत.
देवीची काही तक्रार नाही. लोकांची आहे.
यंत्र थांबतं, गर्दीला विचारतं,
"मंग म्या कुणासाठी मारून घेऊ?"

इथं कागद संपलाय.
पाठीमागं काही नाही. भिंग लावून पाहिलं.

शेऱ्याची जागा दोन बोटं रुंद.
शब्द कमी, असं लिहिलं. खोडलं.
विज्ञान कुठंय, लिहिलं.
तेही खोडलं.

लाइट आली. पंखा फिरला
आणि भिंग उचलल्यामुळं सगळी भविष्यं
बाकांखाली गेली.
गुडघ्यांवर बसून गोळा करत होते तेव्हा
हेडमास्तर दारातून म्हणाले,
मन दुखेल असं काही नाही ना, बाई?

आहे, म्हटलं.
कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

नरसिंगच्या गुणांची चौकट अजून रिकामी आहे.
उद्या मंगळवार.
घरात मेथी संपलीय.