बारावा बोल्ट

सप्टेंबर. नेवाडा. एल्कोच्या पलीकडे
पत्र्याची शेड, आणि मेंढ्यांच्या हौदावर
पापडाएवढा पातळ बर्फ.
आइता उपड्या बादलीवर बसलाय, मिठाची गुळणी धरून.
आम्ही बास्क. बापाला आइता म्हणतो,
आणि बाप आम्हाला फारसं काही म्हणत नाही.

काल एवढंच म्हणाला,
"नवं मॅनिफोल्ड आणलंस. किंमत विचारत नाही."
म्हणजे विचारलीच.

जुनं एकसंध, बिडाचं.
तीस वर्षं तापलं, निवलं, तापलं, निवलं,
आणि दर खेपेला केसभर आखडलं.
आता दोन्ही टोकांची भोकं
बोल्टांना आत ओढतात.
बीड कुठलं वाकायला? तुटायचं ते बोल्टानंच.
थंडीत इंजिन चालू केलं की टिक टिक टिक,
आणि हेडवर काजळीची काळी जीभ.

नवं तीन तुकड्यांचं. तुकडा तुकड्यात सरकतो.
तापला की पसरतो, निवला की मागे येतो,
कुणाचा गळा न धरता.
"तीन तुकडे म्हणजे गळायच्या दोन जागा," आइता.
"एक तुकडा म्हणजे तुटायच्या बारा," मी.

अकरा निघाले. काही मुकाट, काही किंचाळून.
बारावा पार मागे, केबिनच्या भिंतीशी,
जिथे हात पोचतो पण डोळा नाही.
आरसा धरला.
बोल्टाला डोकंच नव्हतं.
त्या जागी घोड्याच्या नालेचा तुकडा,
शेजारच्या बोल्टाखाली दाबून बसवलेला.

"अठ्ठ्याण्णव," मागून आवाज.
"बर्फ येणार होतं. मेंढ्या वर होत्या.
पाना जरा जास्त आवळला."
"आणि कुणाला बोलला नाहीस?"
"कुणी विचारलं नाही."
सत्तावीस वर्षं
मी त्या टिकटिकीला इंजिनाचा स्वभाव समजत होते.

उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड केला. उपटून आला.
दुसरा. तोही.
तिसऱ्या वेळी आइता गुडघे धरत उठला,
फळीवरून अर्धी मेणबत्ती घेऊन आला, चर्चमधली.
"लाल आहे तोवर टेकव."
मेण फसफसलं, आट्यांतून आत शिरलं.
पाना लावला. अर्धी पाळी पुढे, पाव मागे,
अर्धी पुढे.
फिरला.
आम्ही दोघंही काही बोललो नाही,
पण आता ते न बोलणं वेगळं होतं.

मग टर्बोच्या पाठीशी ब्रेकची झडप.
पाय उचलला की ती मिटते, धुराची वाट अडते,
इंजिन आपलाच श्वास कोंडून
गाडीला मागे धरून ठेवतं.
त्या दाबाला जुन्या स्प्रिंगा पुरत नाहीत;
त्या सहाही बदलल्या. त्यांची किंमत
त्यानं खरंच विचारली नाही.

शनिवारी बासष्ट मेंढ्या ट्रेलरमध्ये,
अकरा मैलांचा उतार, मी चाकावर.
आइता उजवीकडे, पहिल्यांदाच.
पाय उचलला. खालून खर्जातला घुमारा.
काटा चाळीसवरून तीस, तीसवरून अठ्ठावीस,
आणि तिथेच थांबला.
आइताचा बूट मात्र जमिनीवर दाबलेला,
जिथे पेडल नाही तिथे, टाच पांढरी पडेस्तोवर.

ॲस्पेनच्या राईपाशी वळण आलं,
जिथे झाडांच्या साली
मेंढपाळांनी कोरलेल्या नावांनी सुजल्यात,
आणि जिथे दर वर्षी ब्रेकचा करपट वास केबिनभर होतो.
त्यानं काच खाली केली. हुंगलं.
"वास नाही," म्हणाला,
काहीतरी हरवल्याची तक्रार करावी तसं.

पायथ्याशी थांबलो. मागे खुरांची दणदण.
तो उतरला, पुढच्या चाकापाशी वाकला,
आणि तवा तापला का बघतात तसा
हात उलटा करून जवळ नेला,
टेकवला,
आणि काढला नाही.