पाचशे तीस जरिबा

बत्तीस वर्षं जरीब ओढली मी
सांवेर, देपालपूर, महूच्या काळ्या मातीत.
शंभर कड्या, सहासष्ट फूट.
मागचा ओरडायचा, "ताण!"
आणि पुढचा मी, खुंटी ठोकून
धसकटांवर पाय पुसायचो.
अंतर म्हणजे काय, ते मला टाचांतून कळलं.

वैजू पुण्याला असते. महिन्यातून एकदा दिल्ली,
सकाळी जायचं, रात्री परत.
फोनवर तिची सरळ रेघ दिसते,
दोन तास दहा मिनिटं.
मधे नर्मदा आडवी येत नाही, घाट नाही,
कुणाच्या बांधावरून भांडण नाही.
रेघेचं काय, कागदावर आम्हीही मारायचो.
इंदूर त्या रेघेवर कुठेच लिहिलेलं नसतं.

एरवी ते धारवरून निघून जातं.
आज तिकडे ढग होते, म्हणून
पडद्यावरचं पिवळं विमान
जरा जरा पूर्वेला कलू लागलं.
पीथमपूर.
राऊ.
मी चष्मा बदलून छतावर गेलो.
ढग बघून कुमुद कुरडया उचलत होती.

उंची पस्तीस हजार फूट.
भागिले सहासष्ट.
पाचशे तीस जरिबा, वर थोडं.
म्हणजे महूच्या निम्म्यावर.
दोन वर्षांत इतकी जवळ ती आली नव्हती.
फक्त उभं मोजायचं होतं,
आणि उभं मोजायला
आम्हाला खात्यात कुणी शिकवलं नाही.

"वैजू चाललीय," मी म्हटलं.
कुमुदनं कपाळाशी हात धरून वर पाहिलं,
जिथून आवाज येत होता तिथे.
तिथे काही नव्हतं. विमान केव्हाच पुढे,
उज्जैनच्या अंगाला, टाचणीच्या डोक्याएवढं.
आवाजाला खाली यायला अर्धं मिनिट लागतं,
मी तिला समजावत होतो.
"खिडकीशी बसत नाही ती," कुमुद म्हणाली,
"लहानपणापासून. बसमध्येसुद्धा नाही.
मळमळतं तिला."
आणि परात उचलून खाली गेली.

मी तरी हात हलवला.
समोरच्या छतावरून चौकसे:
"क्या हुआ भिया, किसको?"
"कबूतर उडा रहा हूँ," म्हटलं.

येताना ते कुठून गेलं, पाहिलं नाही.
मला डोळा लागला होता.
साडेदहाला फोन आला, पोचले म्हणून.
"काय केलंत दिवसभर?"
"कुरडया उचलल्या. भिजल्या असत्या."
"पाऊस आला?"
"नाही. नुसतेच ढग."

मग जुनं फील्डबुक काढलं.
तारीख, उंची, आकाश ढगाळ.
जरीब कितीही ताणा, मधे झोळ पडतोच,
आणि झोळ पडला की
मोजलेलं अंतर खऱ्याहून जास्त भरतं.
तेवढं वजा करायचं असतं.

मी दोनदा वजा केलं.