शेरा

सत्काराच्या लोकांनी कागद पाठवलाय:
"परिचय द्यावा. एक पान. जमल्यास फोटो."
सकाळपासून नाव लिहून बसलेय,
शालन ऐवळे,
आणि पुढच्या ओळीत पेन अडकलंय.

कुठून धरू?
मिरजेच्या दवाखान्यापासून धरावं, तर
तिथं माझं काम होतं केसपेपर भरणं
आणि बरी झालेली माणसं घरी जायला तयार करणं.
माणसं तयार असायची. घरं नसायची.
इराप्पाला रोग गेल्याचा दाखला मिळाला, गोल शिक्क्याचा.
मी त्याला सोडायला गेले सलगऱ्याच्या एसटीनं.
भावानं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं,
आणि उंबऱ्याबाहेर एक पितळी वेगळी ठेवली.
इराप्पा म्हणाला, "असू दे ताई. पितळी तर दिली."
परत येऊन शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
पुनर्वसन झाले.
चोविसावं वर्ष. अक्षर ठसठशीत.

मग संस्थेची जीप आणि जतचा रस्ता.
मौला शिकलगार गाडी चालवायचा
आणि कुठल्या गावात आधी कुणाशी बोलावं
हे मला न दुखावता शिकवायचा.
बचत गटाच्या पहिल्या बैठकीला
सात बायका आल्या आणि अकरा नवरे.
अंगठा नको, सही पाहिजे, म्हणून
तायव्वानं महिनाभर चुलीपुढच्या राखेत
काडीनं आपलं नाव गिरवलं.
पहिली सही तिनं केली
नवऱ्याच्या मोटरसायकलच्या कर्जाला.
हे उल्लेखनीय कार्यात धरतात का?

वाळव्याकडं उसाच्या फडाशेजारी शाळा चालवली,
पाचटावर पोरं, पोरांच्या मांडीवर पाट्या.
गळीत संपलं की एका रात्रीत
सगळी हजेरी गैरहजर.

सांगलीत स्टेशनमागच्या गल्लीत जायला लागले तेव्हा
आई शेजारी सांगायची, शालन बँकेत आहे.
पिशवीत निरोधची खोकी, वर कोथिंबीर.
कस्तुरानं दारातच अडवलं:
"आम्हाला बाहेर काढायला आलीस व्हय?
आधी आत तर ये."
चहा दिला. तो अर्धा ठेवून मी उठले.
अर्धा का ठेवला,
याचं उत्तर कुठल्या अहवालात मागितलं नाही कुणी.
पुढं तिच्या रेशनकार्डासाठी तीन वर्षं
तहसीलच्या पायऱ्या चढले,
आणि तिच्याकडचा चहा
कप उलटा करून दाखवीपर्यंत प्याले.

एकोणीसच्या पुरात
गावभागातल्या माझ्या खोलीत
कमरेच्या वर कृष्णा उभी होती.
डायऱ्यांचा लगदा झाला. पेन्शनचे कागदही गेले.
शाळेतल्या छावणीत एक पोरगी फॉर्म घेऊन आली,
गळ्यात ओळखपत्र, वय असेल चोविसेक.
"आजी, घरात किती माणसं?"
एक.
तिनं मान वर न करता काहीतरी लिहिलं
शेवटच्या रकान्यात.
मला उलटं वाचता येतं, या धंद्यात ते येतंच;
पण चष्मा घरात, पाण्याखाली.

ब्लँकेटच्या रांगेत मागून हाक आली,
"अगं, या आपल्या शालनताई! ताई, तुम्ही पुढं व्हा."
आणि मी गेले.
पुढं.
माझ्यामागं एक बाई होती ओल्या लुगड्यात, कडेवर लेकरू.
तिच्यापर्यंत ब्लँकेटं पुरली की नाही
मी वळून पाहिलं नाही.

आता हे एका पानात बसवायचं.
सन लिहिते, गावं लिहिते. मिरज, जत, वाळवा.
उल्लेखनीय कार्य: रकाना मोकळा.
खाली, शेरा म्हणून छापलेलं नसताना,
लिहिते: इराप्पाच्या भावाकडं परत जायचं राहून गेलं.

फोटो पुरात गेले, असं कळवणार होते.
पण एक आहे, मौलाच्या पोरानं जपलेला.
चिखलात रुतलेली जीप, सात बायका ढकलतायत,
मौला खिडकीतून डोकं काढून ओरडतोय,
आणि एका कोपऱ्यात कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन
मी, पाठमोरी.
चेहरा दिसत नाही.
हाच पाठवते.