छाट

तीस वर्षं मी छाट काढली.
साखर पेठेतल्या विडी कारखान्यात, खिडकीपाशी.
हजारातल्या पन्नास, कधी साठ.
तोंड नीट मुडपलेलं नाही, पान फाटलंय,
दोरा सैल. बाजूला.
बायका समोर पाटी धरून उभ्या असायच्या.
त्यांच्या बोटांकडे मी कधी पाहिलं नाही,
विड्यांकडे पाहायचो.

आता रिटायर. चष्म्याचा नंबर वाढला,
आणि त्याच बायका माझ्या ओट्यावर आल्या
कोरी पोस्टकार्डं घेऊन:
"मुनीमअण्णा, आमदाराला लिवायचंय.
ते आरोग्याच्या बिलाचं."

विधेयक मी वाचलं. दोनदा.
कलम अकरा, पोटकलम दोन:
तातडीच्या रुग्णाकडून आगाऊ रक्कम
मागता येणार नाही.
दीड ओळ.
तिच्यापायी अंबूबाई गुंडेटीनं
अख्खं विडी घरकुल पालथं घातलं.
पंचविसाचं एक बंडल, अशी चाळीस.
मोजणं जड गेलं नाही,
हात दुसरं काय शिकलेत?

सात रस्त्याजवळ आमदारांचा बंगला.
नऊला गेलो, साहेब पूजेत.
दहाला साहेब फोनवर.
अकराला दोन गाड्या आल्या, डॉक्टर उतरले सात-आठ.
त्यांच्याही हातात निवेदन, प्लॅस्टिकच्या फाइलीत:
कलम अकरा वगळा.
आमच्याच बाकावर बसले, दुसरी जागा नव्हती.

त्यांत बिराजदार डॉक्टर.
अंबूबाईच्या सुनेला रात्री दोनला सोडवणारा,
बिल अर्धंच घेणारा.
"डॉक्टर, तुमीबी?"
"मावशी, मागच्या योजनेचे पैसे
चौदा महिने झाले, आले नाहीत.
नर्सचा पगार मी कुठल्या कलमातनं देऊ?"
खोटं बोलत नव्हता.
बुटाचा तळ एका बाजूनं झिजलेला.
माझी नजर अशा ठिकाणीच जाते.

अंबूबाईनं फडक्यातली कडक भाकरी मोडली,
वर शेंगाचटणी, अर्धी त्याला.
त्यानं खाल्ली, पाणी मागितलं.
निवेदन मागं घेतलं नाही.
तिनंही नाही.

साहेब सहा मिनिटं भेटले.
दोन्ही कागद एकाच हातात घेतले,
फोटो एकच काढला.
"मी तुमच्यासोबत आहे," म्हणाले,
कुणाकडे बघून ते मला दिसलं नाही.
"बिल आता चिकित्सा समितीकडं जाईल."
अंबूबाईचा चेहरा उजळला:
"चिकित्सा म्हंजे दवाखानाच की ओ!
मग बरं होऊनच येईल."
सगळे हसले, डॉक्टरसुद्धा.
मला जमलं नाही.
मला ती समिती ठाऊक आहे:
एक खिडकी, एक टेबल,
समोर पाटी धरून कुणीतरी उभं.
दोरा सैल. बाजूला.

एक सांगायचं राहिलं.
ती कार्डं हजार नव्हती,
नऊशे नव्व्याण्णव होती.
यल्लम्मा कोडमचं आदल्या रात्री मीच काढलं.
कलमाचा नंबर नाही, मायना नाही,
अंगठासुद्धा धड उमटलेला नाही,
तंबाखूनं रेषा खाल्लेल्या.
नातीकडनं लिहून घेतलेली एकच ओळ:
"धा हजार आणाय गेलते, परत येस्तोवर"
पुढं कार्ड कोरं.

सवयीनं काढलं. रागानं नाही, कशानं नाही,
सवयीनं.

परवा दुपारी ते घेऊन चौकात गेलो.
पत्ता माझ्या अक्षरात:
अध्यक्ष, चिकित्सा समिती, विधान भवन, मुंबई.
ओळ पुरी केली नाही. ती माझी नव्हे.
पेटीचा पत्रा एप्रिलनं तापलेला,
झाकण उचललं, चटका बसला,
टाकलं.
मग आत बोटं घालून चाचपलं,
तोंडाशीच अडकलं तर नाही ना.