उष्ट्याचा दर

किसिमीतल्या नाण्यांच्या लॉन्ड्रीत, रात्री साडेदहाला,
ड्रायरमध्ये एफ्राइनचे कामाचे कपडे गरगरतायत
आणि घड्या घालायच्या टेबलावर
मी माहितीपत्रक पसरून बसलेय.
तीन दिवस, हवं तितकं जेवण, मनगटाला निळा पट्टा,
दर नव्वद मिनिटांनी एक ताट, एक पेय, काहीतरी गोड.
मोठ्यांना इतके. तीन ते नऊ वयाला इतके.
तीनच्या आतल्यांनी आईबापांच्या ताटातलं खावं.

नेरेओ, तू शनिवारी तीनचा होतोस.
आपण जातोय शुक्रवारी.

म्हणजे शुक्रवारी तू आमच्या ताटातला,
आणि शनिवारी फाटक उघडताच
कोंबडीच्या चार तुकड्यांचा, सफरचंदाच्या फोडींचा,
झाकणाच्या पेल्यातल्या दुधाचा
स्वतंत्र धनी.

पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडते.
काल तू खाल्लेस राजम्याचे अकरा दाणे,
प्रत्येकाचं साल काढून माझ्या तळहातावर ठेवत.
परवा दोन वाट्या भात, वर माझाही भात.
त्याच्या आदल्या दिवशी काहीच नाही, नुसता बर्फ,
आणि संध्याकाळी शेजारच्या कुत्र्याच्या भांड्यातला
एक कोरडा गोळा. तो मात्र आवडीनं.
याची सरासरी काढायची कशी?

सोराइदा आत्या तिथेच लिंबू सरबताच्या गाडीवर असते.
ती म्हणाली, घेऊ नकोस गं.
ताटं भरून निघतात आणि डब्यापाशी येतात
जशीच्या तशी, कडेला एक चावा.
पोरांचं पोट रांगेनंच भरलेलं असतं,
उन्हानं, आणि त्या मोठ्या डोक्याच्या
हात हलवणाऱ्या मगरीच्या धास्तीनं.

एफ्राइन म्हणाला, घे.
मग बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.
पोन्सेच्या जत्रेत आम्ही पाच भावंडं, म्हणाला,
आणि काडीवरचं सॉसेज एक.
आईनं दोऱ्यानं कापलं होतं, सुरी नव्हती.
माझ्या पोरानं एकदा बोट दाखवावं
आणि ते समोर यावं.
नाही खाल्लं तरी चालेल.

या *नाही खाल्लं तरी चालेल*चे
चौऱ्याऐंशी डॉलर होतात. कर वेगळा.

आणि मी?
तीन वर्षं मी उभ्यानं जेवलेय.
तुझ्या टोस्टच्या ओल्या कडा,
मधूनच खाल्लेलं केळं, दोन्ही टोकं शाबूत,
चोखून परत दिलेले पास्त्याचे शिंपले.
माझं ताट कुठलं, ते विसरायला झालंय.
अगदी बारीक अक्षरांत लिहिलंय इथे:
एका पट्ट्यावरचं अन्न दुसऱ्यानं खाऊ नये.
मला हसूच आलं, त्या रिकाम्या लॉन्ड्रीत, एकटीला.
तुझ्या अर्ध्या सफरचंदाच्या आणि माझ्या मध्ये
उभं कोण राहणार? ती मगर?

उष्ट्याला या पत्रकात रकाना नाही.

ड्रायर थांबला. कपड्यांच्या टोपलीत झोपलेला तू
तेवढ्या शांततेनं जागा झालास,
गालावर टॉवेलची जाळी उमटलेली.
आईस्क्रीमच्या चित्राकडे बघितलंस
आणि बोट दाखवलंस.
मी पाकीट उघडलं.
तू बोट सरकवलंस: चित्रातल्या चमच्यावर.
मग टेबलाखाली पडलेल्या
कुणाच्या तरी एकाच मोज्यावर.
मोजा हवा होता तुला. मिळाला. हातात घातलास.

पट्टे आम्हा दोघांनाही नकोत.
शुक्रवारी भात आणि तळलेली केळी डब्यात,
लहान मुलांचा डबा आत नेता येतो, मी विचारून घेतलंय.
शनिवारी एक सुटं ताट, पुऱ्या किमतीचं,
तू बोट दाखवशील ते.
एफ्राइननं ते तुझ्यासमोर ठेवायचं, मी नाही.
तू एक चावा घेशील, किंवा घेणार नाहीस,
आणि मी यावेळी बाकावर बसून खाईन,
बसून.

कपडे अजून गरम आहेत.
एफ्राइनला यातलं काहीच सांगितलेलं नाही.
तू मोज्याचा हात माझ्या तोंडाशी आणतोस:
घे, खा.