जसा आला तसा

शेजारच्या गाळ्यात कुकरची झाकणं ठोकणारा प्रेस
सव्वाबाराला थांबतो. त्याआधी सुरू करण्यात अर्थ नसतो.
मी खाली रामसूरतला फोन करते:
चारपर्यंत लिफ्ट नको, पंपही नको.
तो म्हणतो, मॅडम, वरची टाकी रिकामी आहे.
मी म्हणते, राहू दे.

मग हवेच्या चार उशांवर तरंगणारा ग्रॅनाइटचा ठोकळा
हळूहळू गप्प होतो.
पूर्ण नाही. अंधेरीत पूर्ण गप्प असं काही नसतं.
वर्सोव्याला फुटलेली लाट खडकातून इथवर येते,
पाच-सहा सेकंदांनी एकदा, झोपेत कूस बदलल्यासारखी.
तिच्यासाठी कागदावर रकाना आहे, अनिश्चिततेचा.
तिथे तिला लिहायचं आणि पुढे जायचं.

धैर्यवान सर दाराजवळच्या स्टुलावर बसतात.
ही खोली त्यांनी उभी केली, आरसेही त्यांनीच बसवले,
पण दिवाळीपासून उजवा हात ऐकत नाही
आणि टेबलाला टेकला की पडद्यावर दिसतो.
पहिल्यांदा दिसला तेव्हा आकडा त्यांनीच वाचला:
पाच हर्ट्झ. "अगदी स्वच्छ सिग्नल आहे," म्हणाले,
आणि हात खिशात घातला.

आजचा जिओफोन भुयाराच्या कामावरून आलाय.
चिठ्ठीवर लिहिलंय: ठाकूरद्वार, तिसरा मजला, जिन्यालगतची भिंत.
तळाला चिकटलेला पोपटी डिस्टेंपरचा पोपडा,
नखाएवढा.
ॲसिटोनने पुसण्याआधी मी तो सुरीने सोडवला
आणि का कोण जाणे, फेकला नाही.

लेसर लावला. गुंजेएवढा लाल ठिपका.
किरण दुभंगतो, अर्धा स्थिर आरशाकडे,
अर्धा त्या थरथरणाऱ्याकडे,
परत येऊन दोघे भेटतात
आणि जिथे त्यांचं जमत नाही तिथे काळोखाचा पट्टा पडतो.
एका पट्ट्यापासून पुढचा, तीनशे सोळा नॅनोमीटर.
सोनाराची गुंजसुद्धा कमी-जास्त भरायची,
हे भरत नाही.

सोळा हर्ट्झ. पट्टे मोजले.
पुन्हा मोजले.
केबल बदलली, स्क्रू नव्याने आवळले,
पुन्हा.
सात टक्के कमी.

म्हणजे भिंत जेवढी हलत होती
तेवढं हा सांगत नव्हता.

संध्याकाळी साइटवरच्या निगुडकरांचा फोन आला होता:
जुळवून घ्या आणि थेट नवं सर्टिफिकेट द्या,
आधीचं काही लिहीत बसू नका,
मर्यादा पाचची आहे, आमचं चार पूर्णांक आठच्या वर गेलंच नाही.

मी कॅल्क्युलेटर शोधत होते.
सर दारातूनच म्हणाले, "पाच पूर्णांक एक सहा."

तिथे तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं, मला ठाऊक नाही.
कुणीतरी म्हणालं असेल, अहो, मांडणीवरच्या वाट्या वाजतात रात्री,
आणि त्यांना कागद दाखवला गेला असेल.
कागदाखाली शिक्का आमचा, गेल्या वर्षीचा.

"गेल्या वर्षी बरोबर होता तो," सर म्हणाले.
"नंतर पडला असेल. शिडीवरून, कुणाच्या हातून."
कधी, ते उजेडालाही सांगता येत नाही.

पावणेचार. रामसूरतचे दोन मिस्ड कॉल.
फॉर्मवर दोन रकाने असतात.
'दुरुस्तीनंतर' हा दुसरा, निगुडकरांना हवा असलेला.
पहिल्याचं नाव 'जसा आला तसा'.
त्यात मी लिहिलं: उणे सात,
अधिक-उणे एक, समुद्र धरून.

सही सरांचीच लागते.
ते उठले, कागद ग्रॅनाइटवरच ठेवला
आणि उजवा हात खिशातून काढला.
वेळ लागला. लेसर चालूच होता,
पडद्यावर त्यांचं आडनाव पट्ट्यापट्ट्यांनी सरकत गेलं.

मग मी खाली फोन केला:
सोड पंप.