दांडीच्या टोकाला

हिल्मा लान्तो डबा उघडते, जेवायचं विसरते,
पडद्यावरच्या तीन रेषा बघत बसते.
यान काल बुधाच्या रात्रीच्या अंगाने गेलं,
सूर्याच्या वाऱ्याने मागे ओढून ओढून
जिथे त्या ग्रहाचं चुंबकत्व शेपटीसारखं लांबवलंय, तिथून.

शेपटीला दोन पदर,
एकाचं तोंड सूर्याकडे, दुसऱ्याचं उलट.
तांबडी रेषा शून्य ओलांडते
तेव्हा समजायचं, यान सांध्यातून पार झालं.

एवढं नेहमीचंच.
पण काल शून्याच्या जरा अलीकडे
पदर ताणत गेले, ताणत गेले,
आणि निळी रेषा ताडकन उठली
कुणी झोपेत हाक मारल्यासारखी.
ताणायला, तुटायला, परत जुळायला
सगळे मिळून एकशे साठ सेकंद.
अंडंसुद्धा नीट उकडत नाही तेवढ्यात.

पृथ्वीमागे हेच तासन्‌तास चालतं,
आणि तुटलं की किरुनावर हिरवं फडफडतं,
हॉटेलातले पाहुणे ब्लँकेटं घेऊन बाहेर धावतात.
बुधावर हवा नाही. पेटायला आकाश नाही.
साक्षीला फक्त एक डबी,
लांब दांडीच्या टोकाला.

ती डबी हिल्माच्या हातची.
जुळवताना किल्ल्या बाहेर ठेवायच्या,
केसांतल्या पिना, पट्ट्याचं बक्कल,
आणि म्हाताऱ्याचा खाणीतला चाकू तर दारातही नको,
त्याला टाचण्या चिकटायच्या.
दांडी लांब, कारण यानाच्या पोटातल्या मोटारी
स्वतःशीच पुटपुटत असतात;
दुसऱ्याचं ऐकायचं तर स्वतःपासून दूर जावं लागतं,
असलं काही ती तेव्हा म्हणाली नाही.
तिने स्क्रू मोजले. टायटॅनियमचे, अठ्ठावीस.

म्हातारा म्हणजे एर्की, ब्याऐंशी वर्षांचा.
तीस वर्षं त्याने गावाच्या पोटातलं
चुंबकी लोखंड उपसलं.
आता गाव खचतंय. काही घरं उचलून पूर्वेला नेतायत,
काही पाडतायत.
त्याच्या घराचं काय, ते हिल्माने कळवायचंय.
अर्ज तीन आठवडे डब्याखाली.
स्वयंपाकघरातल्या भेगेवर कंपनीने मोजपट्टी चिकटवलीय.
तो रोज मिलिमीटर वाचतो,
कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी.

दीडच्या सुमारास खाणीत सुरुंग उडतो.
कपातली कॉफी शहारते.
तीन रेषा जागच्या हलत नाहीत,
त्या कालच्या, आणि चौदा कोटी किलोमीटरवरच्या.

फोन वाजतो.
"आज जोरात होता."
"किती?"
खुर्ची सरकल्याचा आवाज. चष्मा शोधणं.
मग बराच वेळ नुसता त्याचा श्वास,
भिंतीच्या अगदी जवळ.
हिल्मा डबा बाजूला सारते, अर्ज पालथा घालते.
"सांग," ती म्हणते, "लिहून घेते."